नदीपात्रातला उजेड: टूरिंग टॉकीजच्या ट्रकमधील एका पेटीचा इतिहास

१/१८
वैशाखात अमळनेरच्या बोरी नदीचे पात्र कोरडे पडते आणि त्या वाळूवर संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. खानदेशाच्या कितीतरी पिढ्यांनी 'यात्रा' या शब्दाबरोबर तीन गोष्टी लक्षात ठेवल्या: पाळणा, तमाशाचा फड आणि तंबूतला सिनेमा. फिरत्या सिनेमाचा इतिहास बहुधा चित्रपटांच्या आणि नटनट्यांच्या नावांनी सांगितला जातो. हा धागा मात्र ट्रकच्या कोपऱ्यात बसवलेल्या एका लोखंडी पेटीविषयी आहे. तिचे नाव रेक्टिफायर. ती बंद पडली की तंबूत अंधार होई. ती बदलणे हे फिरत्या सिनेमाच्या व्यवसायातले सर्वांत नाजूक काम होते.

२/१८
टूरिंग टॉकीजचा ट्रक ही केवळ सामान वाहणारी गाडी नव्हती. तिच्या हौद्यातच प्रक्षेपणाची खोली असे. मागची फळी उघडली की प्रोजेक्टरचा झोत थेट तंबूतल्या पडद्यावर जाई. ऑपरेटर तिथेच काम करी, बहुधा तिथेच झोपे. जनरेटर आवाजामुळे थोड्या अंतरावर ठेवलेला असे. त्याची केबल ट्रकमध्ये येई, रेक्टिफायरमध्ये शिरे आणि तेथून दिव्याकडे जाई. थोडक्यात, ही चाकांवरची छोटी वीजयंत्रणाच होती. ज्या गावात खांब नाही, त्या गावात ती स्वतःची वीज घेऊन येई आणि मुक्काम हलला की घेऊन जाई.

३/१८
आरंभी मात्र विजेची गरज नव्हती. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. त्याच दशकात कल्याणचे पटवर्धन कुटुंब 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ गावोगावी करीत होते. अब्दुल्लाली इसूफअली यांनी १९०१ पासून तंबू घेऊन आधी आग्नेय आशियात आणि मग भारतात भ्रमंती केली. त्यांच्या तंबूत सुमारे १,००० माणसे बसत, असे चित्रपट-इतिहासकार नोंदवतात. मूकपटाचे यंत्र हाताने फिरवता येई. प्रकाशासाठी चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत सोडून तिला पांढरीशुभ्र तापवत. यंत्र बैलगाडीत मावे आणि वीज नसली तरी खेळ होई.

४/१८
ही सोय १९३१ साली संपली. १४ मार्च रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. बोलपटाने विजेची सक्ती केली. आवाज शुद्ध यायचा तर फिल्म सेकंदाला नेमक्या २४ चौकटींच्या वेगाने धावली पाहिजे. हाताने फिरवणाऱ्याचा वेग जरा चुकला की गाणे रडके तरी होणार किंवा चिरके तरी. म्हणून मोटर आली. फिल्मच्या कडेवरील ध्वनिपट्टी वाचण्यासाठी छोटा दिवा आला, ॲम्प्लिफायर आला, कर्णे आले. फिरत्या सिनेमाला आता सोबत इंजिन बाळगल्यावाचून गत्यंतर उरले नाही. 'टूरिंग सिनेमा'चा 'टूरिंग टॉकीज' झाला, तो असा.

५/१८
पण इंजिन आणले म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हते. पडद्यावरचा प्रकाश येई कार्बन आर्कमधून. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणून टेकवायच्या, वीज सोडायची आणि कांड्या किंचित दूर करायच्या. मधल्या फटीत डोळे दिपवणारी ठिणगी पेटत राहते. वीज एकाच दिशेने, म्हणजे डीसी वाहत असेल, तर धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि बहुतेक प्रकाश त्या तप्त खळग्यातून येतो. आरशाला आपला प्रकाश एका जागी सापडतो आणि पडदा उजळतो. एसी दिली तर प्रवाह सतत दिशा बदलतो. दोन्ही कांड्या आळीपाळीने तापतात, प्रकाश विभागला जातो आणि आर्क गुणगुणू लागते.

६/१८
एसीवर आणखी एक आपत्ती होती आणि ती साध्या गणिताने समजते. प्रोजेक्टरचे दोन पात्यांचे शटर प्रत्येक चौकट दोनदा दाखवते, म्हणजे सेकंदाला ४८ उघडझापी. आपल्याकडील एसी ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिच्यावरची आर्क सेकंदाला १०० वेळा उसळते. ४८ ची दुप्पट ९६. १०० आणि ९६ यांतला फरक ४. परिणामी पडद्यावर सेकंदाला ४ वेळा उजेडाची भरती-ओहोटी जाणवते. इतका संथ लुकलुकाट डोळ्याला सोसवत नाही. जनरेटरचा वेग कमीजास्त झाला की ही लयही बदलणार. तीन तासांच्या खेळानंतर प्रेक्षक डोके धरून बाहेर पडला, तर दुसऱ्या रात्री तो तमाशाच्या फडाकडे वळणार हे उघड होते.

७/१८
सुरुवातीच्या कित्येक फिरत्या संचांनी यावर सरळ उपाय केला होता: इंजिनाला डीसी डायनॅमोच जोडायचा. बदल करायला काही उरतच नाही. पण देशभर वीजपुरवठा एसीकडे वळत गेला, पंखे-दिवे-ॲम्प्लिफायर २३० व्होल्ट एसीवर चालणारे मिळू लागले आणि जनरेटरही एसीचेच स्वस्त पडू लागले. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांमुळे डिझेल इंजिन ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. विहिरीवर पाणी उपसणारे इंजिन आणि तंबू उजळणारे इंजिन एकाच कुळातले. त्यामुळे इंजिनाचा मिस्त्री कुठल्याही बाजाराच्या गावी सापडे. डीसी मात्र आता ट्रकमध्येच तयार करावी लागणार होती. पेटीचा जन्म झाला तो या गरजेतून.

८/१८
पेटीच्या पोटात काय असावे, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. पहिले उत्तर होते मोटर-जनरेटर: एसीवर फिरणारी मोटर आणि तिने फिरवलेला डीसी डायनॅमो. भरवशाचे, पण मणभर वजनाचे. दुसरे, पाऱ्याचा रेक्टिफायर: काचेचा मोठा फुगा, तळाशी पारा आणि आत निळसर उजेड. पक्क्या इमारतीच्या चित्रपटगृहात तो शोभे. कच्च्या रस्त्यावर रोज हादरणाऱ्या ट्रकमध्ये काचेचा फुगा आणि त्यात डुचमळणारा पारा म्हणजे धोक्याचीच सोबत. तिसरे उत्तर सेलेनियमचे: धातूच्या पातळ चकत्यांवर सेलेनियमचा थर आणि अशा अनेक चकत्या एका दांडीवर ओवलेल्या. काच नाही, फिरणारा भाग नाही. धक्के खाणाऱ्या गाडीला हे मानवले.

९/१८
सेलेनियमला वार्धक्य मात्र येते. वर्षागणिक चकत्यांचा विरोध वाढतो, त्या अधिक तापतात आणि पुढे कमी व्होल्ट सोडतात. पडदा हळूहळू मंद होतो. इतका हळू, की रोज पाहणाऱ्या ऑपरेटरला ते उमगतही नाही. चकती जळाली तर मात्र कळल्यावाचून राहत नाही. सडक्या मुळ्यासारखा उग्र, विषारी दर्प पसरतो. दाराबाहेर तिकिटाची रांग, आत सतरंज्यांवर बसलेली बायकापोरे आणि ट्रकमधून येणारा तो वास. अशा रात्री पेटी बदलण्याचा निर्णय होई. आणि ती बदलायला हाताशी असे फार तर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतचा वेळ.

१०/१८
वेळ एवढा थोडा का? कारण फिरता सिनेमा पंचांगावर चाले. पावसाळ्यात तंबू लागत नसे. दिवाळी सरली की गाड्या निघत आणि वैशाखाअखेर परतत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेर: खानदेशातील यात्रा अशा एकामागून एक येतात. यात्रेचे दिवस ठरलेले असतात. पक्क्या चित्रपटगृहाचा खेळ आज हुकला तर उद्या लावता येतो. यात्रेतली हुकलेली रात्र पुढच्या वर्षीच परत येते. जागेचे भाडे, डिझेल, फिल्मचे भाडे, करमणूक कर आणि मजुरांचे पोट या साऱ्यांचा हिशेब त्या मोजक्या रात्रींवर बेतलेला असे.

११/१८
साधारण १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रवाहाचे सिलिकॉन डायोड सेलेनियमची जागा घेऊ लागले. अंगठ्याएवढा डायोड चकत्यांच्या अख्ख्या माळेचे काम करी. वरवर पाहता काम सोपे: माळ काढा, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चार डायोड बसवा, तारा जोडा. फसगत इथेच होई. सेलेनियमच्या माळेत काही व्होल्ट वाया जात. सिलिकॉनमध्ये फार थोडे जातात. म्हणजे पेटीतून बाहेर पडणारे व्होल्ट आपोआप वाढतात. आर्कला मर्यादेत ठेवणारा जुना विरोध, ज्याला बॅलास्ट म्हणतात, तो मात्र पूर्वीच्या व्होल्टांना बेतून बनवलेला असतो.

१२/१८
एक उदाहरण पाहू. पेटीतून ७० व्होल्ट येतात, आर्कला ४० लागतात. उरलेले ३० व्होल्ट ०.७५ ओहमच्या बॅलास्टमध्ये खर्च होतात. प्रवाह ४० अँपिअर. आता नव्या डायोडमुळे ७० चे ७६ झाले. उरतात ३६ आणि प्रवाह होतो ४८ अँपिअर, म्हणजे २० टक्क्यांनी अधिक. पडदा लखलखतो, मालक खूश होतो. पण कार्बन भराभर जळतो, आरसा तापतो, ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे गरम होते आणि आठवड्याभरात दुसरेच काही बंद पडते. जाणता मिस्त्री नवा डायोड बसवतानाच बॅलास्ट ०.९ ओहमपर्यंत वाढवून घेई. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो, हे त्याला पुस्तकाने नव्हे, जळलेल्या वेटोळ्यांनी शिकवलेले असे.

१३/१८
आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागत. पहिली, फ्यूज: सेलेनियम क्षणभराचा अतिरेक सोसून घेते, सिलिकॉन निमिषात मरते, म्हणून झटपट तुटणारा फ्यूज हवा. दुसरी, धन-ऋण: तारा उलट जोडल्या गेल्या तर खळगा भलत्याच कांडीला पडतो आणि पडद्यावर काजळी पसरल्यागत दिसते. तिसरी, अर्थिंग. बोरीसारख्या नदीच्या कोरड्या वाळूत वीज सहज उतरत नाही. लोखंडी ट्रक, ओल्या हातांचे प्रेक्षक आणि नापीक अर्थ ही जीवघेणी जुळणी होऊ शकते. म्हणून ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, मीठ-कोळसा घालायचा आणि रोज संध्याकाळी खेळाआधी त्यात पाणी ओतायचे. पेटीपेक्षा त्या खड्ड्यानेच अधिक जीव वाचवले असतील.

१४/१८
शासनाचे लक्षही याच कोपऱ्यावर असे. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृहे विनियमन कायद्यान्वये परवाना देण्याचा अधिकार मुंबई शहराबाहेर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे होता. प्रक्षेपणाची जागा, विजेची जोडणी आणि आगीपासूनचे संरक्षण यांची तपासणी होई. या काटेकोरपणाला कारण होते. जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे आणि तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होते. हजारो अंशांची आर्क, शेजारून धावणारी फिल्म आणि भोवती कापडाचा तंबू असे हे चित्र होते. पेटीतली एखादी सैल जोडणी ही केवळ मालकाची अडचण नव्हती.

१५/१८
२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत खेडोपाडी खांब पोचले. ज्या विजेअभावी टूरिंग टॉकीज अद्भुत वाटे, तीच वीज आता घरात आली, आणि तिच्या मागोमाग पडदाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, मग व्हिडिओ. विशेष असे की, टीव्हीच्या आतही एसीची डीसी करणारी छोटी पेटी असतेच. ती इतकी लहान आणि मुकी झाली होती, की तिच्यासाठी ना मिस्त्री लागे, ना खड्डा, ना परवाना. यात्रेतला तंबू तरीही टिकला, कारण हजार माणसांनी एकत्र बसून पाहण्याचे सुख घरच्या पेटीत मावत नव्हते.

१६/१८
मग कार्बनची जागा झेनॉन दिव्याने घेतली. १ किलोवॅटच्या दिव्याला साधारण २० व्होल्टवर ५० अँपिअर लागतात, पेटवायला काही दहा हजार व्होल्टांचा झटका लागतो आणि डीसी अगदी नितळ लागते. कार्बनची पेटी तशीच जोडली तर दिव्याचे आयुष्य घटते. म्हणजे पेटी पुन्हा बदलली. शेवटचा बदल डिजिटलचा. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीने सिनेफिल्म बनवणे थांबवले. आता ट्रकमध्ये यूपीएस आला. इतिहासाचा विरोधाभास पाहा: जुनी पेटी एसीची डीसी करी, नवी पेटी बॅटरीतली डीसी घेऊन प्रोजेक्टरसाठी शुद्ध एसी घडवते. याच संक्रमणावरचा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा महाराष्ट्रात चित्रित झालेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला.

१७/१८
या अखेरच्या बदलात जे गेले ते केवळ यंत्र नव्हे. जुनी पेटी पान्याने उघडे, टेस्ट लॅम्पने तपासता येई आणि तिचा दोष डोळ्यांना दिसे, नाकाला कळे. नवी पेटी बिघडली तर तिचे सर्किट बोर्डच बदलावे लागते आणि ते यात्रेच्या गावी मिळत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट, भित्तिपत्रके, छायाचित्रे जपत आले आहे. पण आर्कचा रेक्टिफायर कलावस्तू वाटत नाही. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबे भरपूर असते, म्हणून त्याची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरते. खानदेशाने चार दशके अंधारात बसून जो उजेड पाहिला, तो कसा तयार होई हे सांगणारी वस्तू अशा रीतीने किलोच्या भावाने वितळते.

१८/१८
एखादा जुना ट्रक पुन्हा उभा करण्याचे कुणी मनावर घेतले, तर जुनी पेटी चालू करण्याची घाई करू नये. सेलेनियमच्या चकत्या विषारी असतात, आर्कच्या घराच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. नवा वीजपुरवठा वेगळ्या जागी बसवावा, जुनी पेटी आपल्या जागी तशीच राहू द्यावी, एकही तार न कापता. तिच्यावरच्या पत्र्याच्या पाटीचे छायाचित्र घ्यावे: व्होल्ट, अँपिअर, बनावट, गाव. बॅलास्टवर कुणी मागाहून गुंडाळलेली जादा तार दिसली तर ती दुरुस्ती म्हणून नव्हे, पुरावा म्हणून जपावी. ती तार गुंडाळणाऱ्याचे नाव कुठल्याही श्रेयनामावलीत नाही. आणि ते सांगू शकणारी, पेटीवर काम केलेली माणसे अजून खानदेशात आहेत. त्यांची आठवण आधी टिपून घ्यावी. पाटी थोडी थांबू शकते, माणसे थांबत नाहीत.